लवू बुवांचा गळा

रविवार, १ डिसेंबर १९८५

जानेवारीत वर्कशॉपने दिलेली ही डायरी आज पहिल्यांदा उघडली. मंजुळाने मधल्या पानांवर मांजरं काढून ठेवली आहेत, बाकी सगळी कोरी. परवा मंगळवारी माझे टॉन्सिल काढणार. त्यानंतर आठवडाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, असा डॉक्टरबाईंचा हुकूम. वनमाला म्हणाली, "तुम्ही आठवडाभर गप्प बसलात तर पोट फुटून मराल. ही घ्या डायरी, हिच्याशी बडबडा." नवऱ्याच्या आजारपणातसुद्धा ही बाई टोमणा चुकवत नाही.

मांजरांना माहीत नसेल म्हणून आधी माझी ओळख. लेथवर मी लवू, टर्नर, लेट आला तर अर्धा दिवस कापला जाणारा. पण मुलुंडपासून दहिसरपर्यंत कोकणातली जेवढी माणसं आहेत त्यांच्यात मी लवू बुवा, डबल बारीचा. दोन बुवा, दोन पेट्या, दोन मंडळं समोरासमोर. एकाने आपली बारी म्हणायची, म्हणता म्हणता समोरच्याला डिवचायचं. मग समोरच्याने आपल्या बारीत त्याचा समाचार घ्यायचा. देवाचं नाव दोघेही मनापासून घेतात, पण लोक येतात ते भांडण ऐकायला.

गेल्या सव्वीस जानेवारीला आमच्या चाळीच्या सत्यनारायणाला दहिसरच्या काशीराम बुवाबरोबर माझी बारी होती. गजर ऐन रंगात आला आणि माझा घसा बसला. बसला कसला, मेला. टॉन्सिल सुजून लिंबाएवढे झालेले, अंगात ताप, वरचा सूर लावायला गेलो तर नुसती हवा. काशीराम माईकवर म्हणाला, "लवू बुवांक कोणीतरी गरम पाणी द्या रे." सगळा मंडप हसला. माझी सासुरवाडीची माणसं आली होती, तीही हसली. वर्ष होत आलं, लेथ सुरू केला की त्या घरघरीत मला ते हसणं ऐकू येतं.

येत्या सव्वीस जानेवारीला तोच मंडप, तोच काशीराम. हँडबिलं छापायला गेली आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, दर दोन महिन्यांनी सुजणारी ही गाठ ठेवून गाणं जमणार नाही, काढून टाका, सहा आठवड्यांनी गायला लागा. म्हणून काढतो आहे. भीती वाटते का? वाटते. घसा हाच माझा एकुलता एक दागिना आहे आणि मी तो परक्या बाईच्या हातात द्यायला निघालोय.

गुरुवार, ५ डिसेंबर

लहान पोरं टॉन्सिल काढतात आणि आइस्क्रीम चाटत घरी जातात असं ऐकलं होतं. मोठ्या माणसाचं काय होतं ते कोणी सांगत नाही. थुंकी गिळायची म्हटलं तरी काचेचा चुरा गिळल्यासारखं होतं. वर कान दुखतो. ऑपरेशन घशाचं आणि दुखतो कान, हा कुठला न्याय? मी पाटीवर लिहून विचारलं, "कान पण कापला का?" डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, घशाचं दुखणं कानात उतरतं, घाबरू नका.

पाटी मंजुळाची. तिने मला ती या अटीवर दिली आहे की शुद्धलेखन ती तपासणार.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बऱ्याच सूचना केल्या. थंड प्यायचं, पातळ खायचं, हे मी नीट ऐकलं. मग हे नाही, ते नाही, अशी मोठी माळ लागली. ती वनमालाने ऐकली. ऐकायची वाटणी आमच्या घरात पहिल्यापासून अशीच आहे.

शनिवार, ७ डिसेंबर

आरशात घसा बघितला. आत सगळा पांढरा थर. मला वाटलं पू झाला, वाट लागली. वनमाला जाऊन विचारून आली. ती खपली आहे म्हणे, घशातली खपली पांढरीच असते, आठवड्याभरात ती सुटेल तेव्हा जपायचं. तेव्हापासून ही बाई टॉर्च घेऊन माझ्या मागे लागली आहे. झोपेत कूस बदलली तरी उठून बसते आणि तोंड उघडा म्हणते. तिला सकाळी पहिल्या पाळीला जायचं असतं. औषध कंपनीत पॅकिंगला उभं राहून काम. डोळे सुजलेत तिचे. मी पाटीवर लिहिलं, "तू झोप. मी कुठे पळून जात नाही." तिने पाटी पुसून टाकली.

सोमवार, ९ डिसेंबर

आज मजा आली. वनमाला कामावर, मंजुळा शाळेत. धाकू दुपारी घरी आला. धाकू म्हणजे आमच्या मंडळाचा मृदंग आणि माझा बालमित्र. पिशवीतून बाटली काढली. त्याचा चुलतभाऊ एस.टी.ने आला, त्याने आणलेलं कोकमाचं आगळ. दाट, काळंभोर लाल. म्हणाला, "गावसून इलला आसा. गळ्याक थंड. त्या आइस्क्रीमात काय आसा रे, नुसता दूध."

गेले सहा दिवस मी दूध, पेज, दूध, पेज यावर आहे. कोकम बघून डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरबाई थंड प्या म्हणाल्या होत्याच, आणि कोकमाहून थंड जगात काय आहे? दोन मोठे पेले सरबत प्यायलो. पहिल्या घोटाला घसा असा चरचरला की मी भिंतीला धरलं. पण जी गोष्ट लहानपणापासून पित आलो ती वाईट कशी असेल?

मग धाकूने मृदंग काढला. मी हाताने नाही नाही केलं. तो म्हणाला, "तुका गा म्हणून कोण सांगता? तोंड मिटान नुसतो हुंकार दी. गजराची चाल तरी कळांदे माका." बरोबर होतं त्याचं. नवा गजर अजून कोणी ऐकलेलाच नाही, तो माझ्या डोक्यात आहे. तोंड बंद ठेवलं तर ते गाणं थोडंच होतं? थोडा वेळ गुणगुणलो. धाकू खूश. म्हणाला, काशीराम उभ्याने रडेल.

संध्याकाळपासून सारखं गिळावंसं वाटतंय. तोंडाला जुने खिळे चोखल्यासारखी चव आहे, ती आगळाचीच असणार, लोखंडी पिंपात ठेवतात कधी कधी. थुंकलो तर थुंकी लालसर. कोकमाचा रंग लवकर जात नाही. वनमालाला काही सांगितलेलं नाही, टॉर्च घेऊन आली तेव्हा झोपेचं सोंग घेतलं. बाटली पेटीच्या मागे ठेवली आहे.

मंगळवार, १० डिसेंबर, सकाळ

पहाटे उलटी झाली. बरीच. काळपट लाल, बनियन भिजलं. वनमालाचा चेहरा पांढरा पडला, तेव्हा मी तिला पाटीवर खरं ते लिहून दिलं: "कोकम. धाकू." बाटलीही दाखवली.

तिने हातातली बादली आपटली. एरवी ही मुलुंडची मराठी बोलते, पण चिडली की माहेरचं मालवणी बाहेर येतं. "मेल्यांनो, अक्कल खय गहाण ठेवल्यात? आंबट नको म्हणून बाई ओरडान सांगत होती ती काय भिंतीक?" मी मान खाली घालून बसलो. एका अर्थी सुटका झाली, निदान रक्त नाही हे तिला कळलं. तिलाही बरं वाटलेलं दिसतं, कारण शिव्या देत देत बनियन घेऊन मोरीत गेली.

आता अंगाला जरा घाम आला आहे. उलटीने पोट रिकामं झालं की येतोच. गिळणं चालूच आहे.

मोरीतून घासण्याचा आवाज बंद झाला. बनियनला साबण लावून ती नुसती बघत बसली आहे. काय बघते आहे कोण जाणे. परत साबण लावला. परत बघते आहे. आज कामावर जायचं नाही वाटतं हिला.

उठली. हात पुसलेसुद्धा नाहीत. डायरी ठेवा म्हणते. रिक्षा आणायला

शुक्रवार, १३ डिसेंबर, नर्सिंग होम

अक्षर मंजुळापेक्षा वाईट येणार. जे लिहितोय त्यातलं अर्धं मला आठवतं, अर्धं धाकूने सांगितलं आहे.

आमच्या कोकणात कोकमाचा डाग कपड्यावर पडला नाही असं घर नाही. आणि त्या डागाला साबण लागला की तो निळा पडतो, हे प्रत्येक बाईने हजार वेळा बघितलेलं असतं. मीसुद्धा बघितलं असेल, पण धुवायला कधी बसलो नाही. वनमालाने बनियनला साबण लावला. कडेला एक डाग होता तो निळा झाला, तो कोकमाचा. मधला मोठा डाग लालच राहिला. तिने परत साबण लावला. लालच.

रिक्षात मी तिच्याशी भांडत होतो. खरंच. पाटीवर लिहीत होतो, "कोकम आहे, उगाच खर्च," आणि ती पाटीकडे बघतही नव्हती. नर्सिंग होमच्या दाराशी मला परत उलटी झाली आणि ती इतकी लाल होती की माझ्या हातातून पाटी खाली पडली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की रात्रभर मी जे गिळत होतो ते माझंच रक्त होतं.

त्यानंतर डॉक्टरबाईंचा आवाज. खपली सुटली होती, तिच्याखालची शीर उघडी पडली होती. कापसाचा बोळा आत दाबून धरला होता. मला परत टेबलावर घेतलं, शीर शिवली. दाब इतका खाली गेला होता की दुसऱ्या हाताची नस सापडत नव्हती. भूल चढायच्या आधी मला देव आठवायला हवा होता. मला आठवली ती मंजुळा, शाळेतून आल्यावर तिला दार कोण उघडणार म्हणून.

रक्ताच्या दोन बाटल्या रक्तपेढीने लगेच दिल्या. पण बदल्यात रक्त द्यायला माणसं आणा आणि अजून लागेल, तयारी ठेवा, असं बजावलं. धाकूचा गट जुळेना. आमचं मंडळ सगळं कारखान्यांत, पाळीवर. गेटवर निरोप देऊन माणूस बाहेर यायला दोन तास जातात. धाकू कपाळाला हात लावून बसला होता. त्याच्या खिशात नवीन हँडबिल होतं. खाली दोन्ही बुवांचे संपर्काचे फोन छापलेले. वनमालाने ते त्याच्या खिशातून ओढून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून काशीराम बुवाला फोन केला.

मला हे कळलं तेव्हा मी जिवंत असल्याचं थोडा वेळ वाईट वाटलं. जगात दुसरा माणूस नव्हता?

काशीरामचं मंडळ भाजीच्या मार्केटातलं. पहाटेचा बाजार संपला की दुपारी त्यांची तालीम. फोन गेला तेव्हा सगळे पेटीभोवती बसलेले. तसेच उठले. भाजीच्या टेम्पोत चढून घोडबंदरच्या रस्त्याने निघाले. मुलुंड चेक नाक्यावर जकातवाल्याने टेम्पो अडवला, माल काय आहे म्हणून. काशीराम आतून म्हणाला, "रगत. अजून पॅक करूक नाय." जकातवाल्याने पावती न फाडता सोडलं.

अकरा जण होते. रक्तपेढीच्या बाकावर ओळीने बसले होते, असं धाकू सांगतो. चौघांचा गट जुळला. त्यात एक काशीराम, आणि त्याची बाटली रात्री मला चढली.

रविवार, १५ डिसेंबर

आज काशीराम बुवा भेटायला आला. हातात शहाळं. काळा, ठेंगणा, माणसात बसला की शोभत नाही, पेटीसमोर बसला की हलत नाही. खुर्ची ओढून बसला. मला बोलायला बंदी, त्याला सुचत नव्हतं. दोन वाचाळ माणसं अशी गप्प बसलेली वनमालाने पहिल्यांदाच पाहिली असतील.

शेवटी म्हणाला, "लव्या, तू मेलं असतंस तर सव्वीस तारखेक मी कोणावांगडा भांडतलंय होतंय?"

मी पाटीवर "उपकार झाले" असं लिहिलं. त्याने वाचलं आणि पाटी उलटी करून ठेवली. जाता जाता दारात थांबून वनमालाला हळूच विचारलं, "गळो ऱ्हवलो मा?" गळा राहिला की नाही, यावर तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्याने मान हलवली आणि गेला. मी रडलो. रक्त कमी झालं की माणूस हळवा होतो, असं डॉक्टरबाई सांगत होत्या, त्यामुळे असेल.

शनिवार, २१ डिसेंबर

घरी आलो. रोज बीट, पालक, लोहाच्या गोळ्या. हळू आवाजात बोलायची परवानगी आहे. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटतो, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा.

संध्याकाळी पूजेच्या कमिटीचे भाऊ आले. वनमालाने त्यांना दारातच गाठलं. मी आतून ऐकत होतो. भाऊ म्हणाले, "वहिनी, बुवांच्या जिवावर बेतलं होतं. आम्ही काशीराम बुवांसमोर दुसरा बुवा ठेवतो. हँडबिलावर नुसती पट्टी चिकटवायची." ती म्हणाली, "पट्टी चिकटवायची नाही."

भाऊ म्हणाले, "आणि आवाज नाही लागला तर?"

"तर नाही लागला. पण ते पाचव्या सुरावर पडले तरी तुमच्या दुसऱ्या बुवापेक्षा बरे पडतील."

चहा न देता पाठवला भाऊंना. हिला मध्ये पडायची काय गरज होती? रात्रीची टॉर्च घेऊन घशात बघते, मी जोरात खोकलो तरी भाकरी टाकून धावत येते, आणि तिकडे माझ्या नावाने पैज मारते. माझ्यापेक्षा तिलाच माझी बारी हवी आहे, असं दिसतं. बायकांचं डोकं कसं चालतं, देव जाणे.

रविवार, ५ जानेवारी १९८६

नवी डायरी मिळाली, पण जुनीतल्या कोऱ्या पानांवरच लिहितोय, मांजरांची सवय झाली आहे.

डॉक्टरबाईंनी घसा बघितला. भरून आलाय म्हणाल्या. आता हळूहळू आवाज लावा, खालच्या पट्टीत, दुखलं की थांबा. मी विचारलं, पूर्वीसारखा होईल? त्या म्हणाल्या, "पूर्वीसारखा म्हणजे सुजलेल्या घशासारखा? तसा नाही व्हायचा." बाईंना विनोद करता येतो तर, महिनाभर लपवून ठेवला होता.

घरी येऊन पेटी काढली. षड्ज लावला. निघालं काय, तर फाटक्या भात्यातून निघावं तसं काहीतरी. परत लावला, परत तेच. मंजुळा म्हणाली, "बाबा, हे तू मुद्दाम करतोस?" पेटी बंद केली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. धाकूला निरोप पाठवावा, भाऊंना सांगावं पट्टी चिकटवा, असं मनाशी ठरवलं.

सोमवार, ६ जानेवारी

निरोप पाठवला नाही. वनमाला कामाला जाताना पेटी उघडून माझ्यासमोर ठेवून गेली. उघडी पेटी समोर असली की मला स्वस्थ बसता येत नाही, हे तिला कुठून कळलं?

बुधवार, १५ जानेवारी

रोज थोडं थोडं. आज दुपारी मध्यम स्वच्छ लागला. पंचमही लागला. आणि एक गंमत झाली. पूर्वी आवाज वर जाताना घशात एक पायरी अडायची, तिथे मी नेहमी जोर लावून ढकलायचो. ती पायरीच नाही. तिथे मोकळी जागा आहे. मी दोनदा, तीनदा वर-खाली जाऊन बघितलं. अडत नाही.

धाकू मृदंगावर होता. त्याचा हात थांबला. म्हणाला, "लवू, ह्यो कोणाचो आवाज?" मी म्हटलं, माझाच रे, आधी कुलूप लावलेलं होतं.

वरचा षड्ज अजून लावून बघितलेला नाही. तिकडे जायची भीती वाटते. तिथेच गेल्या वर्षी मेलो होतो, आणि आता तिथे टाकेही आहेत. वनमालाला सांगितलं, तर ती म्हणाली, "एक दिवस जावंच लागेल ना." मग टॉर्च घेऊन आली.

शनिवार, २५ जानेवारी

मंडप उभा राहिला. फाटकाजवळ बोर्ड लावला आहे, माझं नाव डाव्या बाजूला, काशीरामचं उजव्या. मंडळातली पोरं झकास तयार आहेत. गजर बसला आहे. वरचा षड्ज तालमीत मी खालीच ठेवला, सगळ्यांना सांगितलं की बारीसाठी राखून ठेवतोय. खरं म्हणजे धीर होत नाही. उद्या तो लागला नाही तर लोक हसतील त्याचं काही नाही. पण लावला आणि परत तोंडात ती खिळ्यांची चव आली तर? हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

सोमवार, २७ जानेवारी

आज वर्कशॉपला दांडी. सगळं नीट लिहून काढतो.

पूजा, झेंडावंदन, हळदीकुंकू, सगळं आटोपून संध्याकाळी बारी सुरू झाली. मंडप भरून माणसं रस्त्यावर. गॅलऱ्या भरलेल्या. सासुरवाडीची माणसं पुढेच. वनमाला बायकांच्या पहिल्या रांगेत, मांडीवर मंजुळा, पदराखाली टॉर्च. मी स्वतः बघितली. आता स्टेजवर माझ्या तोंडात टॉर्च मारणार होती की काय, विचारायला हवं.

पहिली बारी काशीरामची. त्याने रूपाचा अभंग असा म्हटला की मीच मान डोलवायला लागलो, धाकूने मला चिमटा काढला. मग त्याने पेटीवरचे हात थांबवले आणि माईक जवळ घेतला. म्हणाला, "मंडळी, लवू बुवांचा गळा आता नवो आसा. आतल्यो गाठी डॉक्टरीणबाईन काढल्यान, आनि आत भरल्यान काय? माझा रगत. माझ्या आंगातला, बाटलीभर. तेव्हा आता बुवा गातले ता ऐका, टाळ्यो वाजवा, पण ध्यानात ठेवा, गातलो तो मीच."

मंडप कोसळला. मीसुद्धा हसलो, काय करणार. धाकू माझ्याकडे बघायला लागला. याला उत्तर काय?

माझी बारी आली. नमन झालं, अभंग झाला, गवळण झाली. आवाज मोकळा होता, मला आतून कळत होतं. लोक शांत बसले होते, आणि लोक शांत बसतात तेव्हा बुवाने घाबरायचं नसतं. मग गजर धरला. धाकूने लय वाढवली, झांजा तापल्या, पोरांनी नामाचा पलटा घेतला आणि ती जागा आली. मी विचार केला नाही. डोळे मिटले आणि वर गेलो.

लागला. वरचा षड्ज लागला. नुसता लागला नाही, तिथे उभा राहिला. मी त्याला धरून ठेवलं नव्हतं, तो माझ्या हाताबाहेर आपला उभा होता आणि मी त्याच्याखाली बसलो होतो. छत्तीस वर्षांचं आयुष्य झालं माझं, असं मला कधी झालं नव्हतं. तोंडाला कसलीच चव नव्हती. नुसतं तोंड.

खाली आलो तेव्हा आधी मला कळलंच नाही काय वेगळं होतंय. कोरसचा आवाज दुप्पट झाला होता. डोळे उघडून बघतो तर समोरच्या बाजूला काशीरामचं मंडळ माझा गजर म्हणत होतं. त्याचे झांजवाले माझ्या लयीत. समोरच्या मंडळाने बुवाचा गजर उचलायचा, असं डबल बारीत होत नाही. मी तरी कधी बघितलं नाही. आणि काशीराम स्वतः पेटी बाजूला सारून, मांडी ठोकत, घाम पुसत, सगळ्यांच्या वर आवाज काढत होता. गजर संपला तेव्हा माणसं उभी होती.

आता उत्तर द्यायचं होतं. मी पाणी प्यायलो, थंड. माईक घेतला. म्हटलं, "मंडळी, काशीराम बुवा खरं सांगतात. माझ्या अंगात त्यांचं रक्त आहे. नसतं तर आज इथे माझा फोटो असता, हार घातलेला. मी ते नाकारत नाही. पण गवळणीत दोन ठिकाणी मी बेसूर झालो, ते तुम्ही ऐकलंत. माझ्या घराण्यात बेसूर कोणी नव्हतं. ते दोन सूर तेवढे त्यांचे. बाकीचे माझे."

हसण्याने मंडपाचा बांबू हलला, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितो. काशीराम हसता हसता आडवा झाला, मग उठून सरळ माझ्या बाजूला आला, मला धरून उभं केलं आणि सगळ्यांसमोर मिठी मारली. कानात म्हणाला, "गळो ऱ्हवलो रे मेल्या." त्याचा आवाज मात्र बसला होता.

भाऊंनी दोघांना नारळ दिले. कोण जिंकला ते कमिटीने जाहीर केलं नाही, लोकांनी मला खांद्यावर घेऊन जाहीर केलं. सासरे स्वतः मला शोधत आले.

मी बायकांच्या रांगेकडे बघितलं. एवढा मोठा दिवस, वर्षभराची लाज धुतली गेलेली, माणसं ओरडतायत, आणि आमची बायको खांबाला डोकं टेकून गाढ झोपलेली. तोंड उघडं. मंजुळा तिच्या मांडीवरून उठून टॉर्च विझवत-पेटवत खेळत होती. बाजूच्या बाईला विचारलं तर म्हणाली, गजर चालू झाला तेव्हाच झोपली. म्हणजे वरचा षड्ज हिने ऐकलाच नाही. मला वाईट वाटलं, का नाही वाटणार? जिच्यासाठी लावला तीच झोपली.

घरी येताना राहवलं नाही, तिला म्हटलं, "सगळं मुलुंड जागं होतं आणि तू झोपलीस?"

ती डोळे चोळत होती. म्हणाली, "तुमचा आवाज येत होता ना. मग झोप लागली."

आता दुपारचे दोन वाजलेत. अजून झोपलेलीच आहे. कामावरही गेली नाही. मंजुळाला आवाज करू नको म्हणून सांगितलं आहे, आणि मी आपला इथे बसून हळू आवाजात गुणगुणतो आहे.